वर गेलेला धूर

(दृश्य : संध्याकाळ. दगडी घरांची रांग. मागच्या टेकडीच्या कडेवर केशरी रेघ.)

२६ जून २०१८, मंगळवार. मँचेस्टरच्या पूर्वेला, स्टेलीब्रिज गावाच्या टोकाशी कारब्रुक नावाची वस्ती आहे. घर, घरामागे परसबाग, आणि परसबाग संपली की थेट डोंगर. वरच्या सॅडलवर्थ मूरवर रविवारी आग लागली होती. ती आवरली असं वाटत असतानाच सोमवारी वारा सुटला आणि ती पुन्हा उठली. मंगळवारी संध्याकाळपर्यंत गाड्यांच्या टपांवर राख पडू लागली. सुमारे ५० घरं रिकामी करण्यात आली. दीडशेच्या आसपास माणसं घराला कुलूप लावून बाहेर पडली. मागे वळून पाहिलं तर आपल्याच छपरामागे डोंगर जळताना दिसत होता.

(दृश्य : दिवस. मूरचा विस्तार. तपकिरी गवत, मध्ये काळ्या ओघळी.)

मूर म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. कोकणातला सडा डोळ्यांसमोर आणा. तसाच उघडा, झाडं नसलेला माथा. फक्त पायाखाली कातळाच्या जागी काळा, ओला, स्पंजासारखा थर आहे. याला पीट म्हणतात. शेवाळ मरतं, पाण्यात बुडून राहतं, हवा न मिळाल्यामुळे पुरतं कुजत नाही आणि साचत जातं. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणजे हातभर खोल खणलंत की तुम्ही शिवकालाच्याही मागे पोचता.

हेच पीट कापून, वाळवून आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चुलीत घातलं गेलं, आपल्याकडच्या गोवरीसारखं. गोवरी कशी वागते हे आपल्याला ठाऊक आहे. रात्री राखेखाली झाकून ठेवली तर सकाळी फुंकर मारताच पुन्हा लाल होते. आता तशी गोवरी मैलोन् मैल पसरलेली आहे, उन्हाळ्यानं वाळली आहे, आणि ती पेटली आहे अशी कल्पना करा.

(दृश्य : जवानांची रांग, हातात लांब दांड्याचे रबरी झोडपे.)

आपल्याकडे वणवा लागला की हिरव्या डहाळ्यांनी झोडपतात. इथेही झोडपतातच, फक्त दांड्याला रबराचे पट्टे लावलेले असतात. जोडीला पानं उडवायची फुंकणी यंत्रं. त्यांनी वरची, गवताची आग मरते. पण मागे वळावं तर विझवलेल्या जागेतूनच धुराचा दोरा निघत असतो. ज्वाला नाही, आवाज नाही, आग जमिनीत शिरलेली. वरून पाणी ओतलं तरी होरपळलेलं पीट ते पटकन पीत नाही, पाणी वरच्यावर वाहून जातं. मग पोकळ सळई जमिनीत खुपसून पाणी आत सोडायचं, उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यानं निखारा कुठे आहे ते हुडकायचं, फावड्यानं उकरायचं, पुन्हा भिजवायचं. आणि उद्या त्याच जागी परत यायचं.

शिवाय बंब वर जातच नाही, चाकं रुततात. होज खांद्यावर घेऊन चढायचं, तेही तीस अंशांच्या उन्हात, जाड गणवेशात. हेलिकॉप्टरं जवळच्या जलाशयांतून बादल्या भरून आणत होती. दोन-तीन दिवसांत लष्कराला बोलावलं गेलं आणि रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंडचे सुमारे १०० सैनिक डोंगरावर चढले. खालचे गावकरी अग्निशमन केंद्रात पाण्याच्या बाटल्या आणि खाऊ आणून ठेवत होते.

तोवर, २८ जूनला, बोल्टनजवळ विंटर हिलवर दुसरी आग लागली. तिथे हजार फुटांहून उंच दूरचित्रवाणीचा मनोरा उभा आहे, त्यामुळे धास्ती वेगळीच. तिथे यंत्रांनी चर खणले. आपल्या वनखात्याची जाळरेषा गवत काढून भागते, इथे मात्र चर पीटच्या तळाशी, खालच्या मातीपर्यंत न्यावा लागतो, नाहीतर आग खालून पलीकडे जाते. सॅडलवर्थची आग सुमारे तीन आठवडे चालली, विंटर हिलची ४१ दिवस.

(दृश्य : धुरकट शहर. खिडक्या बंद. फिकट नारिंगी सूर्य.)

बातम्यांमध्ये ज्वाला दिसल्या. पण खरा फटका बसला तो ज्यांनी ज्वाला पाहिलीच नाही त्यांना. धुमसणारं पीट अर्धवट जळतं, म्हणून धूर जास्त आणि बारीक कणांनी भरलेला. परिसरातल्या काही शाळा बंद झाल्या, मुखपट्ट्या वाटल्या गेल्या. ऐन उकाड्यात खिडक्या लावून बसा, असं सांगितलं गेलं. आणि तिथल्या घरांत पंखासुद्धा सहसा नसतो. लीड्स विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी नंतर हिशोब मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मर्यादेपेक्षा जास्त सूक्ष्म कण निदान एक दिवस तरी श्वासात गेले असे लोक ४५ लाखांपर्यंत. आणि या धुरामुळे लवकर ओढवलेले मृत्यू, त्यांच्या अंदाजानुसार, २८. अशा मृत्यूच्या दाखल्यावर वणवा असं कारण कुणी लिहीत नाही. ती माणसं फक्त आकडेमोडीत सापडतात.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. गिरण्यांच्या चिमण्या, काळं आकाश.)

पण हा डोंगर एवढा कोरडा झालाच कसा? त्या वर्षीचा जून कोरडा होता, हे खरं. पण ते अर्धंच उत्तर आहे. या मूरच्या पायथ्याशी ओल्डहॅम आहे, मँचेस्टर आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या चिमण्या रात्रंदिवस कोळसा जाळत होत्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, तेव्हा लँकेशायरच्या या गिरण्यांकडे आपल्या वऱ्हाड-खानदेशातला कापूस ओढला गेला. या धुराशी आपलं नातं आहे ते एवढंच, पण आहे. मँचेस्टरचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी इथल्या पावसाचे नमुने तपासले आणि १८७२ च्या आपल्या ग्रंथात 'आम्लवर्षा' हा शब्द वापरला. तो पाऊस पडत होता तो याच डोंगरावर.

त्या आंबट पावसानं स्फॅग्नम शेवाळ मेलं. आपल्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरणारं, पीट घडवणारं शेवाळ तेच. ते गेलं, त्यात चर खणून पाण्याला वाट करून दिली गेली, मेंढ्या चरल्या, आणि पीट उघडं पडून ओघळींतून वाहू लागलं. चिमण्यांतून उडालेलं शिसं मात्र त्या काळ्या थरात बसून राहिलं. दीडशे वर्षांपूर्वी शहरातून डोंगरावर गेलेला धूर २०१८ मध्ये डोंगरावरून शहरात उतरला, असं म्हटलं तर ते अलंकारिक वाटेल. पण त्यात अलंकार फारसा नाही.

(दृश्य : पावसाळी सकाळ. ओघळींमध्ये दगडांचे छोटे बांध. वाकलेली माणसं.)

२००३ पासून 'मूर्स फॉर द फ्यूचर' ही भागीदारी या डोंगरांवर काम करते आहे. ओघळींत दगडांचे बांध घालतात. आपल्या पाणलोटाच्या कामांतले दगडी बंधारे आठवावेत असेच. पण हेतू थोडा वेगळा, पाणी अडवून पीट पुन्हा भिजवणं. उघड्या जागी माती इतकी आम्ल की आधी चुना टाकावा लागतो, मगच गवत धरतं. त्यानंतर शेवाळाचे गुच्छ, एकेक करून, हातानं. भाताच्या लावणीसारखं वाकून.

काम नाजूक आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या मार्स्डन मूरवर सुमारे ७०० हेक्टर एका आगीत गेले. इथे वीज पडून आग लागणं क्वचितच, बहुतेक वेळा माणूसच असतो. म्हणून आता मार्स्डनला बार्बेक्यू आणि कुठलीही उघडी आग करायला बंदी आहे. वसंतात पूर्वेकडून कोरडा वारा सुटला की रखवालदार वाहनतळांवर फेऱ्या मारतात, गाड्यांतून उतरणाऱ्यांच्या हातात काय आहे ते बघतात.

(दृश्य : ओल्या मातीत अंगठ्यानं केलेलं भोक. त्यात हिरवा गुच्छ.)

एक गुच्छ बसतो. हातभर अंतर सोडून दुसरं भोक.