अंगठा उचलायची विद्या

नमस्कार. मागच्यांनी जरा पुढं या. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की माझा आवाज तिसऱ्या रांगेच्या पलीकडं जात नाही. आजचा विषय 'स्लॉट कारचा छंद: काल आणि आज'. बाहेरच्या फळ्यावर कुणीतरी 'स्लॉट'चं 'प्लॉट' केलं होतं, म्हणून गर्दी बरी दिसते. प्लॉट बघायला आलेल्यांनी आता बसूनच घ्या, चहा आहे.

नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. स्लॉट म्हणजे खाच, आणि स्लॉट कार म्हणजे खाचेतनं विजेवर पळणारी खेळण्यातली गाडी. रस्त्याला खाच, खाचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या. गाडीच्या नाकाखालची जीभ खाचेत आणि तांब्याच्या विणलेल्या दोन शेंड्या पट्ट्यांवर. बारा व्होल्टचा करंट तिथनं मोटारीत जातो. हातातला खटका अंगठ्यानं दाबाल तेवढा वेग. स्टीअरिंग नाही, ब्रेकचं पेडल नाही. वळण आलं की अंगठा उचलायचा. उशीर झाला तर गाडी बाहेर, घाई झाली तर शेजारचा पुढं. या खेळात नंतर जे जे आलं ते अंगठ्याच्या बाजूचं की विरुद्ध, एवढंच मी बघतो. ते तीन टप्प्यांत सांगणार आहे. पण त्याआधी आमच्या मोटारीची गोष्ट.

1973 साली माझे मामा बोटीवर होते. गोव्यात उतरून घरी आले ते स्कॅलेक्स्ट्रिक नावाच्या स्लॉट कारच्या खेळाचा खोका घेऊन. आठाच्या आकड्याचा ट्रॅक, एक हिरवी गाडी, एक लाल. आम्ही बेळगावात, टिळकवाडीत राहायचो. सोप्यात ट्रॅक मांडला की घरातल्यांना न्हाणीकडं जायला वाट उरायची नाही. तिसऱ्याच दिवशी मी लाल गाडी बोटानं दाबून धरली आणि खटका पूर्ण दाबला, नुसता जोर बघायला. मोटार फिरली नाही, करंट मात्र जात राहिला. आधी वास आला, मग धूर, मग आई.

रेल्वे गेटापलीकडं पंपाच्या मोटारी वाईंडिंग करणारे एक मेस्त्री होते. उद्यमबागेतल्या कारखान्यांची कामं त्यांच्याकडं यायची. मी निघालो तर गेट पडलेलं. तेव्हा आपल्याकडं मीटर गेज, आणि मालगाडी अशी जायची की डबे मोजून संपले तरी गेटमन विडीच ओढत बसलेला. (गेटावर गेलेलं आयुष्य परत मिळत असतं तर इथं बसलेले निम्मे लोक आज तरुण असते.) मेस्त्रींनी मोटार तळहातावर घेतली. "काय करालास रे ह्येचं? पंप हाय का खेळणं?" म्हणाले, आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला. त्यांच्या हाताखालनं पाच-पाच हॉर्सपॉवरच्या मोटारी जायच्या. ही अख्खी मोटार त्यांच्या अंगठ्याएवढी. जळकी तार उकलली, आतला पत्रा पोलीस पेपरनं घासला आणि नवी तार गुंडाळायला घेतली. मोजणी कन्नडमध्ये, ओंदु, एरडु, मूरु. त्या दुकानात हिशेब कन्नडमध्ये, शिव्या मराठीत आणि उधारी दोन्ही भाषांत चालायची. सीमाप्रश्नावर मी एवढंच बोलणार, सेक्रेटरी माझ्याकडं बघतायत.

तर मूळ तारेएवढी बारीक तार त्यांच्याकडं नव्हती. त्यांनी थोडी जाड घेतली, त्यामुळं फेरे कमी बसले. वार्निश लावून गाडी परत दिली. घरी आणून खटका दाबला मात्र, पहिल्याच वळणावर गाडी ट्रॅक सोडून उडाली ती थेट आजोबांच्या पानाच्या तबकात. चुन्यासकट.

मला हे फार उशिरा कळलं, की 1960 च्या दशकात अमेरिकेतले शौकीन वेगासाठी मुद्दाम हेच करायचे. तार जाड, फेरे कमी. करंट जास्त ओढतो, मोटार तापते, पण पळते! आमच्या मेस्त्रींनी ते तार नव्हती म्हणून केलं.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. म्हणजे तीन टप्पे आता तीन घासांत.

पहिला. फ्रेड फ्रान्सिस या इंग्रज माणसाच्या स्प्रिंगवर पळणाऱ्या पत्र्याच्या गाड्या होत्या, 'स्कॅलेक्स'. त्यांत वीज घालून 1957 मध्ये हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात 'स्कॅलेक्स्ट्रिक' आणली. ट्रॅक रबराचा, गाड्या पत्र्याच्या. पुढच्याच वर्षी कंपनी लाइन्स ब्रदर्स या खेळण्यांच्या कंपनीला विकली. मग बॉडी प्लास्टिकची, ट्रॅक प्लास्टिकचा. अंगठ्याला काही धक्का नाही.

दुसरा. 1960 च्या दशकात अमेरिकेत तासावर भाडं घेणारी सभागृहं, आठ-आठ खाचांचे प्रचंड ट्रॅक, आणि दशक संपायच्या आत बहुतेकांना टाळं. कारणं बरीच. मला पटणारं एकच: गाड्या इतक्या वेगवान झाल्या की खाऊचे पैसे घेऊन आलेलं पोरगं पहिल्या फेरीतच हरायचं. दुसऱ्या रविवारी ते कशाला येईल? 1970 च्या दशकात ऑरोरा या अमेरिकन कंपनीनं छोट्या गाड्यांत चुंबकाची ओढ आणली, पुढं मोठ्यांतही चुंबक बसले. गाडी खाचेच्या कडेच्या पट्ट्यांना चिकटते, वळणावरही खटका दाबलेलाच. माझा राग इथं आहे. मागचं चाक जरासं घसरतं, तेव्हा अंगठा किती सोडायचा हे पोर शिकत असतं. चुंबकानं ती घसरणच काढून टाकली.

तिसरा, डिजिटल, 2004 पासून. गाडीत चिप, एका खाचेत अनेक गाड्या, बटण दाबून लेन बदलायची. मला वाटलं होतं मी यालाही नाक मुरडणार. पण नाही! आता पुढच्याला गाठायचं, लेन कधी बदलायची हे ठरवायचं, म्हणजे अंगठ्याला पुन्हा डोकं लागलं. शिवाय हल्ली हौशी मंडळी चुंबक काढून खाली शिशाचे तुकडे चिकटवतात, चॅसी थ्रीडी प्रिंटरवर छापतात. त्यावर बरंच बोलायचं होतं, ते राहिलं.

दुसरी चिठ्ठी. भजनी मंडळ दारात उभं आहे. मागं कॅरमच्या टेबलांवर ट्रॅक मांडलाय. गाड्यांचे चुंबक मी काढून खिशात ठेवलेत, मागू नका. आणि प्लग लावायच्या आधी तेवढा पंखा बंद करा, दोन्ही एकाच बोर्डावर आहेत.