दोन्ही दुर्बिणी नॉर्मल, मग रक्त जातंय कुठं?

मंडळी, तोंडातून घातलेली दुर्बीण जठर ओलांडून थोडी पुढे जाते आणि थांबते, खालून घातलेली मोठं आतडं बघते, फार तर लहान आतड्याच्या शेवटच्या टोकात डोकावून येते. मधलं पाचसहा मीटर राहिलंच की! आणि आम्ही डॉक्टर बिनधास्त सांगतो, दोन्हीकडून बघितलं, सगळं नॉर्मल आहे.

माझ्याकडे एक गृहस्थ आले, पन्नाशीचे, किराणा दुकानवाले, हिमोग्लोबिन ६. दीड वर्षात तीनदा रक्त चढवलेलं, जंताचं औषध झालेलं, मूळव्याधीचं मलमही झालेलं. शी काळी होते का विचारलं तर म्हणाले, होते ना, पण ती लोहाच्या गोळ्यांमुळे. आता लोहाच्या गोळीने शी काळी होते हे खरंच आहे, म्हणून तर सगळे फसतात. पण रक्ताची शी डांबरासारखी चिकट असते, पाणी टाकलं तरी भांडं सोडत नाही, आणि वास असा की घरातल्यांनाही कळतं. बायकोला विचारलं तर तिने लगेच होकारार्थी मान हलवली.

पचनमार्गाच्या एकूण कॅन्सरमध्ये लहान आतड्याचे पाच टक्केसुद्धा नसतात, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्षच जात नाही. जेवल्यावर मुरडा येतो, तासाभराने जातो, आपण ओवा खाऊन गप्प बसतो.

तिथे शिरायचा रस्ता मिळाला तो २००१ च्या सुमारास. एक म्हणजे कॅप्सूल, साधारण २६ मिलिमीटर लांब, आत कॅमेरा आणि दिवा, गिळायची आणि आठेक तास फोटो काढत ती खाली जाते, हजारो फोटो. (ती धुवून परत आणून देऊ का, असं दर दुसरा पेशंट विचारतो. नको, फ्लश करा.) दुसरी जपानमधल्या यामामोतोंची दोन फुग्यांची दुर्बीण, फुगे फुगवत आतडं शर्टाच्या बाहीसारखं गोळा करत पुढे जाते आणि तुकडाही काढून आणते. पण आपल्याकडे एक मेख आहे, टीबी. टीबीने आतडं अरुंद झालं असेल तर कॅप्सूल तिथेच अडकते, कधी ऑपरेशन करून काढावी लागते, म्हणून अडथळ्याची शंका असली तर मी आधी सीटी करतो, भरपूर द्रव पाजून आतडं फुगवून. टीबी आणि गाठ स्कॅनवर जुळ्या भावांसारखे दिसू शकतात, तेव्हा जमेल तिथे तुकडा तपासल्याशिवाय टीबीचा कोर्स सुरू करणं मला पटत नाही.

आपल्या दुकानवाल्या गृहस्थांच्या सीटीतच गाठ दिसली. आतड्याच्या भिंतीतून बाहेरच्या बाजूला वाढलेली, आत फक्त एक छोटा व्रण आणि तिथूनच रक्त. ही जिस्ट, म्हणजे आतड्याच्या भिंतीतून उगवणारी एक प्रकारची कॅन्सरची गाठ. ऑपरेशनमध्ये आतड्याच्या तुकड्यासकट काढली, एकच पथ्य, गाठ फुटता कामा नये, फुटली की पेशी पोटभर पसरतात.

लहान आतड्यातल्या बाकीच्या गाठींचा रस्ता वेगळा. जठराला लागून असतो त्या भागात बहुधा अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे आतल्या अस्तराचा कॅन्सर, शेवटच्या भागात न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठी, त्या हळू वाढतात पण लिव्हरपर्यंत गेल्या की चेहरा लाल होणं, जुलाब असं सुरू होतं. लिम्फोमाला, म्हणजे लसिका पेशींच्या कॅन्सरला, मुख्य उपचार बऱ्याचदा केमो. म्हणून आधी नाव कळायला हवं.

जिस्टवर नेहमीची केमो चालत नाही. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की या गाठीत किट नावाच्या जीनमध्ये बिघाड असतो, त्यामुळे पेशींच्या वाढीचा स्विच चालूच राहतो. पुढे कळलं की ब्लड कॅन्सरसाठीची इमॅटिनिब ही गोळी तोच स्विच बंद करते. किंमत भयंकर होती. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही गोळी काढणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळे आपल्या कंपन्यांची स्वस्त गोळी बाजारात टिकली. गाठ परत येण्याचा धोका जास्त असेल तर रोज ४०० मिलिग्रॅम, तीन वर्षं, जेवणासोबत, ग्लासभर पाणी पिऊन.

गृहस्थांचं हिमोग्लोबिन आता १३ आहे. तक्रार एकच, गोळीने सकाळी डोळ्यांखाली सूज येते, आणि गिऱ्हाईक विचारतं, शेठ, रात्री रडलात का.