पाच फुग्यांची नळी

श्रोतेहो, नमस्कार. युस्टुस लीबिग, जर्मन रसायनशास्त्रज्ञ, जन्म १८०३, डार्मश्टाट. पॅरिसला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्यूसाककडे शिकला, १८२४ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, गीसेनला प्राध्यापक झाला. चरित्र एवढ्यावरच आटोपतो, कारण सांगायचीय ती त्याची नळी.

सेंद्रिय पदार्थात कार्बन किती, हायड्रोजन किती? गे-ल्यूसाक जळताना निघणाऱ्या वायूचं आकारमान मोजायचा. वायू मावला पाहिजे, म्हणून नमुना अगदी थोडा. आणि नमुना थोडा की चूक मोठी. १८३१ मध्ये लीबिगनं वायू मोजायचं सोडून तोलायला घेतला.

एक टोक बंद असलेली कडक काचेची लांब नळी घ्यायची. तिच्यात अर्धा-एक ग्रॅम नमुना काळ्या कॉपर ऑक्साइडमध्ये खलून भरायचा, तोंडाकडे नुसतं कॉपर ऑक्साइड. नमुना जळायला लागणारा ऑक्सिजन तेच देतं. पुढे कॅल्शियम क्लोराइडची नळी, ती पाणी शोषते. तिच्या पुढे आपली पाच फुग्यांची नळी, त्रिकोणी काच, आत कॉस्टिक पोटॅशचं, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं, द्रावण. ते कार्बन डायऑक्साइड गिळतं. आधी पाणी, मग कार्बन डायऑक्साइड! क्रम उलटला तर पोटॅश पाणीही ओढून घेतं आणि दोन्ही आकडे वाया जातात.

मग निखारे. तोंडाकडचं कॉपर ऑक्साइड आधी लाल करायचं, नंतर हळूहळू मागे सरकायचं. घाई केली की बुडबुडे धडाधड सुटतात, वायू न शोषला जाताच निसटतो, कार्बन कमी भरतो. कॉपर ऑक्साइड ओलसर असलं तर हायड्रोजन जास्त भरतो. ओल्या हवेत मिठाला पाणी सुटतं, तसंच तेही दमट हवेतली ओल धरतं, म्हणून ते गरम असतानाच भरायचं. नळी निवू लागली की द्रावण मागे खेचलं जातं. ते अडवायलाच बाजूचे दोन फुगे मोठे. शेवटी मागचं टोक मोडून हवा ओढायची, म्हणजे नळीत राहिलेला वायूही पोटॅशपर्यंत पोचतो.

आता तराजू. पोटॅशचं वाढलेलं वजन गुणिले तीन, भागिले अकरा: हा कार्बन. कॅल्शियम क्लोराइडच्या वाढीचा नववा हिस्सा: हायड्रोजन. पुन्हा सांगतो, आधी पाणी, मग कार्बन डायऑक्साइड.

हल्ली यंत्राचा आकडा डोळे झाकून मानणारे रसायनशास्त्राचे पदवीधर दिसतात. माझं ऐकाल तर प्रत्येकाकडून एकदा तरी काच फुंकून घ्यावी. असो.

या नळीमुळे गीसेनचे विद्यार्थीही विश्लेषण करू लागले आणि तिथली प्रयोगशाळा युरोपभर गाजली. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात ती काच आजही आहे.

पुढे लीबिग शेतीकडे वळला. पावसानं वाहून जाऊ नये म्हणून त्यानं खनिज खत वितळवून जवळजवळ अविद्राव्य केलं. ते वाहून गेलं नाही. पण पिकांच्या मुळांनाही मिळालं नाही.