पडले नाहीत, टेकलेत

श्रोतेहो, नमस्कार.

आमची आत्या गेल्या माघात गेली, 86 व्या वर्षी. दापोलीकडच्या आंजर्ल्याला दिलेली. आतोबा लवकर गेले, पदरात तीन पोरं आणि तीस गुंठ्यांची नारळ-सुपारीची वाडी. आख्खं आयुष्य मी एका दमात उरकलं असं वाटेल तुम्हाला. पण ती स्वतःही याहून जास्त सांगत नसे. 'पुढचं बोल,' म्हणायची.

तर मीही पुढचंच बोलतो. वादळाचं.

3 जून 2020, बुधवार. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे किनाऱ्याला लागलं आणि इकडे दापोली-मंडणगडपर्यंत सगळं पिंजून गेलं. टाळेबंदीचे दिवस, फोन मुके, रस्त्यांवर झाडं आडवी. मी रत्नागिरीहून सहाव्या दिवशी पोचलो. वाटेत जिकडेतिकडे चुरगळलेले पत्रे. जाता जाता सांगतो, मंगळुरी कौलं उतरवून पत्रे घालायची ही हौस मला कधी पटली नाही. कौल फुटलं तर तेवढंच बदला. पत्रा उडाला की डोक्यावर आभाळ. शिवाय पावसात पत्र्याखाली रेडिओसुद्धा ऐकू येत नाही! असो.

आत्या ओटीवर भिजलेली आमसुलं निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "आलास? पेज निवलीय, मीठ बघून घाल."

वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. पोफळ, म्हणजे सुपारी, एकटी पडत नाही, शेजारणीला घेऊन पडते. "तीनशे बारा होत्या, एकोणचाळीस उभ्या आहेत," आत्या म्हणाली. मोजून झालं होतं तिचं.

तेवढ्यात पंचनाम्याला एक तरुण मुलगा आला. गुडघाभर चिखल, हातात वही. आत्या काठी टेकत पुढे, तो मागे. प्रत्येक झाडापाशी ती थांबायची. ही थोरलीच्या बारशाला लावलेली, ही सासूबाईंच्या हातची. तो बिचारा म्हणे, "आजी, नुसता आकडा सांगा."

विहिरीकडे अकरा माड कलले होते. मुळं अर्धी उघडी, शेंडे हिरवे. त्याने वही वर केली. "हे अकरा लिहितो."

"ते नको लिहूस."

"का हो?"

"ते पडले नाहीत. टेकलेत."

"आजी, लिहिले तर तुमचाच फायदा आहे."

"मेल्या, जित्याला मेलं लिहू?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हटलं, "आत्या, लिहू दे ना."

"तू गप्प बस. पडले नाहीत, टेकलेत."

पुढे पडलेल्या माडाला 250 आणि पोफळीला 50 रुपये असा भरपाईचा दर ठरला. म्हणजे अकरा माडांचे 2,750 रुपये बाईने विहिरीकाठी सोडले. गड्याकडून उघड्या मुळांवर माती ओढून घेतली, सुंभाने बुंधे बांधले, आणि टेकू कशाचे? मोडलेल्या पोफळींचेच. वर दीडशे नवी पोफळीची रोपं लावली. वय 81. धाकटा म्हणाला, "आई, फळ धरायला सहा-सात वर्षं जातील."

"मग? लावली नाहीत तर लवकर धरेल?"

त्या अकरांतले सात माड वर्षभरात वाळले. न्हाणीच्या चुलीत गेले ते. मला मुद्दाम फोन करून सांगितलं तिने, "सात मेले रे. त्या पोराला कळव, आता लिही म्हणावं."

चार आहेत अजून. त्यांतला एक कमरेएवढ्या उंचीवर आडवा जातो आणि मग वर वळतो. आत्या त्यावर गोधड्या वाळत घालायची. तेराव्याला गेलो, तेव्हाही दोन होत्या.

नमस्कार.