कुर्डीच्या वाटेवर अकरा सायकली

[दृश्य: पहाटेचा रंकाळा. कट्ट्याला टेकवलेल्या सायकली.]

रविवारची पहाट. रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांची वर्दळ अजून सुरू व्हायची आहे. कट्ट्याला अकरा सायकली टेकवल्यात. काही गिअरच्या, काही साध्या, दोन तर वीस वर्षांपूर्वीच्या, पण अजून ठणठणीत. मे महिन्यात या अकरा सायकली कोल्हापुरातून निघून गोव्यातल्या सांगे तालुक्यात जाणार आहेत. तिथं डोंगरांच्या बेचक्यात कुर्डी नावाचं गाव आहे. वर्षातला बहुतेक काळ ते पाण्याखाली असतं आणि मे महिन्यात वर येतं.

1961 साली गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर दक्षिण गोव्याला पाणी देण्यासाठी साळावली नदीवर धरण बांधायचं ठरलं. कुर्डीत तेव्हा तीन हजारांच्या आसपास माणसं राहत होती. भातशेती होती. नारळ, काजू, आंबा, फणस होते. हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान शेजारी शेजारी नांदत होते. 1986 साली गाव पाण्याखाली गेलं. माणसं आधीच वाडे आणि वालकिणी इथल्या नव्या वसाहतींत गेली होती. आज साळावलीचं पाणी मडगावपासून वास्कोपर्यंत घरोघरी नळाला येतं.

उन्हाळ्यात धरणाची पातळी उतरते आणि गाव उघडं पडतं. चिऱ्याच्या घरांची जोती, विहिरी, तुटलेला रस्ता, माडांचे बुंधे. सोमेश्वराचं देऊळ वर येतं. मग कुर्डीची माणसं परत येतात. देवळात उत्सव होतो, ख्रिश्चन कुटुंबं आपल्या चॅपेलचं फेस्त करतात. जून लागतो, पाऊस येतो, गाव पुन्हा पाण्यात जातं.

[दृश्य: टेबलावर पसरलेला नकाशा. पेन्सिलीनं ओढलेली रेघ.]

हा बेत पहिल्यांदा निघाला तेव्हा आम्ही सगळे कुर्डीला 'भुताचं गाव' म्हणत होतो. नाव तोंडात बसलं होतं. भुताच्या गावाला सायकलनं जायचं, तंबू ठोकायचे, रात्र काढायची. तरण्या पोरांना एवढं पुरे होतं.

तो शब्द आमच्यातल्या एकाच्या आज्जींनी बंद केला. पहिली बैठक त्यांच्याच सोप्यात झाली. आज्जी कोपऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचं माहेर राधानगरी तालुक्यातलं, दूधगंगेच्या काठचं. काळम्मावाडीच्या धरणात ते गेलं. आमची बडबड त्यांनी बराच वेळ ऐकून घेतली आणि मग म्हणाल्या, "लेकरांनो, भुताचं गाव कशाला म्हणताय? त्या गावची माणसं जित्ती हाईत न्हवं?"

त्यानंतर आमच्या वहीत कुर्डीचं नाव कुर्डी असंच लिहिलं गेलं. आणि बेतही बदलला. आधी आम्ही तिथल्या मोकळ्या जागेत तंबू ठोकणार होतो. आता आम्ही कुणाच्या तरी गावाला पाहुणे म्हणून निघालो होतो. पाहुण्यानं आधी कळवायचं असतं, विचारायचं असतं.

आज्जी आणखी एक गोष्ट बोलल्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यांच्या गावातल्या विहिरीचा काठ दिसायचा. त्यांचे भाऊ तो बघायला जायचे. त्या स्वतः कधी गेल्या नाहीत. का, ते आम्ही विचारलं नाही.

कोल्हापूर जिल्ह्याला हे काही नवीन नाही. राधानगरी, काळम्मावाडी, वारणा. आपला ऊस, आपलं प्यायचं पाणी, सगळं या धरणांवर आहे. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण हाती घेतलं म्हणून हा मुलूख हिरवा झाला, हे आपण अभिमानानं सांगतो आणि सांगायलाच हवं. पण प्रत्येक धरणाच्या पोटात कुणाचं तरी घर आहे, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. मला तरी ते त्या सोप्यात बसल्यावर पहिल्यांदा नीट कळलं.

[दृश्य: तानपुऱ्याच्या तारा. जवळून.]

कुर्डीचं आणि कोल्हापूरचं आणखी एक नातं आहे. आमच्या गटातली एक ताई गाणं शिकते. कुर्डी म्हटल्यावर ती एकदम म्हणाली, "म्हणजे मोगूबाईंचं कुर्डी?"

गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर. जन्म 1904. त्यांचं आडनावच या गावावरून आलंय. पोरवयातच त्या नाटक कंपनीत गेल्या. पुढे सांगलीत असताना उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांचा आवाज ऐकला आणि शिकवायला सुरुवात केली. खाँसाहेब म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यू आणि शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. ज्या गायकीला कोल्हापूरच्या दरबारानं आसरा दिला, ती कुर्डीच्या या मुलीनं पेलली आणि पुढे आपल्या लेकीला दिली. ती लेक म्हणजे किशोरी आमोणकर. मोगूबाईंना 1974 साली पद्मभूषण मिळालं. त्यांच्या घराची जागाही याच पाण्याखाली आहे.

ताईनं त्याच दिवशी ठरवलं की ती येणार. तोपर्यंत तिनं सलग तीस किलोमीटरही सायकल चालवली नव्हती. आज ती जोतिबाचा चढ न उतरता चढते.

[दृश्य: पन्हाळा रस्ता. चढावर दमलेले चेहरे.]

आता रस्ता. आम्ही धरलेल्या वाटेनं अडीचशे किलोमीटरच्या वरच भरतं. कागल, निपाणी, उत्तूर, आजरा. आजऱ्याहून आंबोली. घाट उतरून सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग. मग गोव्यात डिचोली, उसगाव, धारबांदोडा, सावर्डे, सांगे. चार दिवसांत सांगे आणि पाचव्या दिवशी सकाळी कुर्डी.

मे महिना ही या प्रवासाची सगळ्यात मोठी अडचण. गाव बघायचं तर मे महिन्यातच जावं लागतं, आणि सायकलीला त्याच्याइतका वाईट महिना नाही. म्हणून घड्याळ उलटं फिरवलंय. पहाटे साडेचारला निघायचं. साडेदहाला जिथं असू तिथं थांबायचं, सावली धरायची. चारनंतर पुन्हा दोन तास. घाटमाथ्यावर कोरडं ऊन असतं, ते आपल्या अंगवळणी आहे. कोकणात उतरल्यावर घाम वाळतच नाही. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, दर अर्ध्या तासानं घोटभर, आणि त्यात मीठ-साखर. माणशी चार लिटर पाणी सायकलीवर राहील.

दुपारनंतर वळवाचा पाऊस कधी गाठेल त्याचा नेम नाही. तो वाऱ्यासकट येतो, विजेसकट येतो. अशा वेळी सायकल बाजूला लावून पक्क्या छपराखाली जायचं. झाडाखाली थांबायचं नाही.

मुक्कामाच्या जागांवरून आमच्यात वाद झाले. काहींना आंबोलीच्या रानातच तंबू हवे होते. मे अखेरीला तिथं काजवे असतात, ओढ वाटणं साहजिक आहे. पण राखीव जंगलात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. शिवाय आजरा, चंदगड, दोडामार्ग या पट्ट्यात जंगली हत्ती फिरतात. आंबोलीत गवे रस्त्यावर येतात. रात्री हत्तीच्या वाटेत तंबू ठोकणं म्हणजे आपला जीव धोक्यात घालणं, आणि हत्तीलाही उगाच बिथरवणं. शेवटी ठरलं की मुक्काम गावातच करायचा. शाळेचं आवार, देवळाचा सभामंडप, कुणाचं तरी खळं. सरपंचांना, पोलीस पाटलांना आधी फोन. सकाळी निघताना जागा झाडून द्यायची.

[दृश्य: सायकल दुरुस्तीचं दुकान. परातीतल्या पाण्यात बुडवलेली ट्यूब.]

आमच्या मिस्त्रींनी अकराही जणांना पंक्चर काढायला बसवलं. ट्यूब फुगवायची, पाण्याच्या परातीत थोडी थोडी बुडवत फिरवायची. बारीक बुडबुड्यांची माळ वर आली की तिथं बोट. ट्यूब पुसायची, पॉलिश पेपरनं घासायची, ती राखाडी आणि खरखरीत दिसेपर्यंत. मग सोल्युशन. ते लावल्यावर लगेच ठिगळ चिकटवलं की मिस्त्री हातावर चापट मारतात. सोल्युशन बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. फुंकर मारायची नाही, तोंडाची वाफ बसते. आणि ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवायची. काटा किंवा काच आतच राहिली तर पाच मिनिटांत नवं पंक्चर.

ब्रेकचे रबर नवे. घाटासाठी जास्तीची एक जोडी. आंबोलीचा उतार सावंतवाडीच्या बाजूला लांब आणि वळणावळणाचा आहे, आणि आमच्या सायकलींवर माणशी दहा-बारा किलो ओझं असणार. ब्रेक दाबून धरत उतरलं की रिम तापते. दाबायचा, सोडायचा, दाबायचा. प्रत्येक दोन सायकलींत वीस पावलांचं अंतर. सगळ्यात पुढे आणि सगळ्यात मागे शिट्टीवाला. मागचा शिट्टीवाला कुणालाही ओलांडणार नाही. गटाचा वेग म्हणजे सगळ्यात सावकाश चालणाऱ्याचा वेग, हे पहिल्या बैठकीतच वहीत लिहिलंय.

[दृश्य: पन्हाळ्याच्या पायथ्याचं शेत. संध्याकाळ. तंबू.]

मार्चमध्ये एक रात्र तालीम केली. पन्हाळ्याच्या पायथ्याला एका मित्राचं शेत आहे, ऊस तुटून गेलेला. जाताना माझ्या कॅरिअरचा एक स्क्रू ढिला होऊन पडला. मला कळलंच नाही. उतारावर बॅग कलली, मागच्या चाकात गेली आणि दोन स्पोक तुटले. मी पडलो, कोपर सोलपटलं. मागून येणारी ताई वीस पावलांवर होती म्हणून थांबू शकली. दहा पावलांवर असती तर माझ्यावरच आली असती. आता रोज सकाळी निघण्याआधी प्रत्येक जण आपल्या शेजाऱ्याच्या सायकलीचे स्क्रू हातानं हलवून बघतो. आपल्या स्वतःच्या नव्हे, शेजाऱ्याच्या. दुसऱ्याची सायकल माणूस जास्त काळजीनं बघतो.

रात्री दव पडलं. ज्यांनी तंबूचं वरचं कापड ताणून बांधलं नव्हतं त्यांची अंथरुणं भिजली. एक तंबू दोघांत वाटून न्यायचा, कापड एकाकडे आणि काठ्या-मेखा दुसऱ्याकडे, हेही त्या रात्री ठरलं. जेवण साधंच होतं. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, गूळ. प्रवासातही हेच राहील, तीन-चार दिवस टिकणारं. आजऱ्यात मात्र घनसाळ तांदूळ घ्यायचा आणि एक संध्याकाळ पोटभर भात करायचा, यावर सगळ्यांचं एकमत आहे. ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना कारण विचारू नये.

[दृश्य: फोनवर बोलणारी ताई. समोर उघडी वही.]

वाडे इथं राहणाऱ्या, मूळच्या कुर्डीच्या एका काकांचा नंबर ओळखीतून मिळाला. ताईनंच फोन केला. "काका, आम्ही कोल्हापूरहून सायकलीनं यायचं म्हणतोय. आलो तर चालेल का?" पलीकडून ते मराठी-कोकणी मिसळून बराच वेळ बोलले. उत्सवाचा दिवस पक्का झाला की कळवतो म्हणाले. मुक्काम वाडे इथंच करा, खाली पाण्याच्या पात्रात नको. तिथं वरची माती फुटून वाळलेली दिसते, पण आत चिखल असतो, पाय रुततो. सायकलीचं चाक तर आडवंच होईल. एकट्यानं कुठं भटकू नका. पाण्यात उतरू नका.

त्यांनीच सांगितलं की येताना धरणाजवळचं महादेवाचं देऊळ बघून या. ते मूळचं कुर्डीचं, कदंब राजांच्या काळातलं. गाव बुडणार म्हटल्यावर पुरातत्त्व खात्यानं ते एकेक दगड करून उतरवलं आणि सतरा किलोमीटरवर नेऊन पुन्हा उभं केलं. तिथून जवळच साळावलीचा तो बदकाच्या चोचीसारखा गोल सांडवा. मे महिन्यात तो कोरडा असेल. आम्हाला देवळाचीच ओढ जास्त आहे.

परतीला सायकल चालवायची नाही. मडगावहून लोंढा, बेळगावमार्गे मिरजेपर्यंत रेल्वे. सायकली लगेजमध्ये बुक करायच्या, पेडल आणि पुढचं चाक काढून, नाव लिहिलेलं लेबल बांधून.

[दृश्य: आज्जींचा सोपा. तागडी. भरलेल्या बॅगा.]

काल संध्याकाळी सगळ्यांच्या बॅगा आज्जींच्या सोप्यात आल्या. प्रत्येक बॅग तागडीवर चढली. बारा किलोच्या वर गेली की काहीतरी बाहेर. कुणाची जादा चादर गेली, कुणाची जाड वही गेली. माझ्या बॅगेतून दुसरी चप्पल निघाली.

आज्जींनी एक नारळ आणून ठेवला. सोमेश्वरासाठी. तो माझ्या बॅगेत बसला, चपलेच्या जागी. मग त्या म्हणाल्या, "तिथं भिंती नसत्याल, पन उंबरं असत्याल. उंबऱ्यावर पाय देऊ नका. जोत्याला सायकली टेकवू नका."

वहीच्या शेवटच्या पानावर ताईनं हे लिहून घेतलं. सायकली गावाच्या वेशीबाहेर उभ्या करायच्या. आत चालत जायचं. कुणाच्या जोत्यावर चढून फोटो काढायचा नाही. त्या घरचं माणूस शेजारी असेल तर आधी त्याला विचारायचं, घर कुणाचं, दार कुठल्या अंगाला होतं.

[दृश्य: अंधार. एकामागून एक लागणारे सायकलींचे दिवे.]

पहाटेचे साडेचार. दसरा चौक. अकरा दिवे लागलेत. पुढची शिट्टी वाजली, मागून उत्तर आलं. पहिला चहा कागलला.