नेमबाजीचे गेम इतके का खपतात?

श्रोतेहो, नमस्कार.

१० नोव्हेंबर २००९ रोजी ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’ हा व्हिडिओ गेम बाजारात आला आणि पहिल्या चोवीस तासांत, केवळ उत्तर अमेरिका व ब्रिटन येथे मिळून, त्याच्या सुमारे ४७ लाख प्रती विकल्या गेल्या. त्या एका दिवसाची विक्री अंदाजे ३१ कोटी डॉलरची होती. पुढच्या वर्षी याच मालिकेतल्या नव्या गेमने पहिल्या दिवशी ३६ कोटी डॉलरचा टप्पा गाठला, त्याच्या पुढच्या वर्षी ४० कोटींचा. आणि २०२१ पर्यंत मालिकेच्या एकूण प्रतींची संख्या ४० कोटींच्या पुढे गेली. आपल्याकडे लातूर, नांदेड, परभणी या भागांत असा गेम पूर्ण किंमत मोजून घेणारे थोडेच आहेत. परंतु त्याच जातकुळीचे ‘पब्जी’, ‘फ्री फायर’ आणि ‘बीजीएमआय’ (‘पब्जी’चीच भारतातली आवृत्ती) हे गेम तालुक्याच्या बसस्थानकापासून शिकवण्यांच्या वसतिगृहापर्यंत सगळीकडे पोहोचले. मी लातूरला महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो, आणि या गेममध्ये असे काय आहे हा प्रश्न मला पालक नेहमी विचारतात. बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच ठरलेले असते: मुलांना मारामारी आवडते, म्हणून हे गेम खपतात. हे उत्तर मला पटत नाही, आणि ते का पटत नाही हे आज सविस्तर सांगायचे आहे.

आधी संगणकाच्या बाजूने पाहू. गेममध्ये माणसाला बोलते करणे, त्याचे मन वळवणे, त्याची समजूत काढणे हे संगणकाला फार अवघड जाते, कारण त्या व्यवहाराला ठरावीक नियम नसतात. बंदूक मात्र संगणकाला अतिशय सोपी पडते. खेळाडूच्या डोळ्यांच्या जागेपासून पडद्याच्या मध्यबिंदूतून एक सरळ रेषा पुढे न्यायची आणि ती कोणाला लागते का, एवढेच तपासायचे. अनेक गेममधली गोळी म्हणजे प्रत्यक्षात हे गणित असते. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे दोनच प्रकारचे, आणि ते डोळ्याची पापणी लवण्याआधी मिळते. डिसेंबर १९९३ मध्ये टेक्सासमधल्या ‘इड सॉफ्टवेअर’ने ‘डूम’ हा गेम आणला, तेव्हाचे संगणक आजच्या साध्या फोनपेक्षाही कितीतरी दुबळे होते, तरीही तो सुसाट चालत असे. त्याचा पहिला भाग कोणीही फुकट घ्यावा आणि मित्राला द्यावा अशी मुभा होती. पुढचे भाग हवे असतील तर पैसे भरायचे. म्हणजे या प्रकारच्या खेळाचा पाया घालतानाच त्याच्या विक्रीची रीतही घातली गेली होती.

आता त्या एका गोळीकडे जवळून पाहा. ‘कॉल ऑफ ड्यूटी’मध्ये खेळाडू बटण दाबतो, बंदूक किंचित वर उसळते, हातातले उपकरण थरथरते, आणि नेम लागला असेल तर पडद्याच्या मधोमध फुलीसारखी पांढरी खूण क्षणभर उमटून एक बारीक ‘टक्’ असा आवाज येतो. समोरचा पडला, तर लगेच त्याच्या बदल्यात मिळालेले गुण आकड्यात दिसतात. ही मालिका बनवणाऱ्यांनी एका गोष्टीबाबत फार पूर्वीपासून हट्ट धरला आहे: चित्र सेकंदाला ६० वेळा बदलले पाहिजे. २००७ च्या सुमारास टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रांवरचे इतर बरेच गेम ३० वर समाधान मानत होते. आकडा वाचून फरक कळत नाही, पण अंगठ्याला तो लगेच जाणवतो, कारण आपण केले आणि घडले यांच्यातले अंतर जवळजवळ नाहीसे होते. माझ्या मते या गेमच्या खपाचे मूळ इथे आहे. आपल्या कौशल्याला इतक्या तत्परतेने आणि इतक्या स्पष्टपणे उत्तर देणारी दुसरी जागा तरुण मुलाच्या दिवसभरात नसते.

मग हिंसेचे काय? माळेगावच्या यात्रेत फुगे फोडायच्या बंदुकीभोवती गर्दी जमते, तिथे फुग्यावर कोणाचा राग नसतो. पाच फुग्यांपैकी पाच फुटले की मुलगा आजूबाजूला पाहतो, ते आपला नेम कोणी पाहिला का यासाठी. गेममध्येही बव्हंशी तेच घडते, असे म्हणायला आधार आहे. २००९ साली अँड्र्यू प्रिझबिल्स्की, रिचर्ड रायन आणि स्कॉट रिग्बी या मानसशास्त्रज्ञांनी याविषयी संशोधन प्रसिद्ध केले. त्यातल्या एका प्रयोगात ‘हाफ-लाइफ २’ या गेममध्ये त्यांनी बदल करून घेतले: एका गटाला रक्तपाताचा गेम मिळाला, तर दुसऱ्या गटाच्या गेममध्ये नेम लागलेला प्रतिस्पर्धी रक्त न सांडता हवेत तरंगून नाहीसा होत असे. खेळण्याच्या आनंदात त्यामुळे फारसा फरक पडला नाही. ‘मला हे जमते’ आणि ‘काय करायचे ते मी ठरवतो’ या दोन भावना जिथे अधिक, तिथे आनंद अधिक, असे त्यांना आढळले. आक्रमक स्वभावाचे खेळाडू हिंसक गेमकडे अधिक ओढले जातात हेही त्यांनी नोंदवले आहे, आणि ते लपवून ठेवण्याचे कारण नाही. तरीही कोट्यवधींचा खप त्या थोड्यांच्या जोरावर उभा राहू शकत नाही.

२००७ चा ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ हा या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा गेम वाटतो. त्याने खेळाडूला बढत्या दिल्या. नवखा खेळाडू पहिल्या पायरीवरून सुरुवात करून ५५ व्या पायरीपर्यंत चढू शकत असे, आणि वाटेत नवी बंदूक, नवे कसब, जुन्या बंदुकीला नवी दुर्बीण असे काही ना काही पदरात पडत राही. न मरता सलग तिघांना टिपले की शत्रूच्या जागा नकाशावर दिसत, पाच जणांना टिपले की विमानहल्ला बोलावता येई, सात झाले की हेलिकॉप्टर येई. हरणाऱ्यालाही काही गुण मिळतच असत, त्यामुळे वाया गेला असा डाव जवळजवळ उरलाच नाही. मेल्यावर मारणाऱ्याच्या नजरेतून तोच प्रसंग पुन्हा दाखवला जाई: तो कोणत्या खिडकीत बसला होता, मी कुठे उघडा पडलो. काही सेकंदांत पुन्हा जिवंत होऊन, नुकतीच कळलेली चूक टाळून, पुन्हा उतरता येई.

ही रचना सांगताना माझ्या डोळ्यांपुढे आपल्या लातूरची मुले येतात. हिंगोली, बीड, धाराशिव, जालना अशा ठिकाणांहून ती ‘नीट’च्या तयारीसाठी इथे येऊन राहतात. बापाने सोयाबीनच्या पट्टीतून नाही तर उसन्या पैशांतून फी भरलेली असते. दोन वर्षे रोज दहा-बारा तास अभ्यास करायचा, आणि खरे उत्तर मिळणार एका दुपारच्या परीक्षेनंतर, तेही जमले नाही तर आणखी एक वर्ष थांबून. अशा मुलाला रात्री अर्ध्या तासात चाळीस वेळा कोणी सांगत असेल की हे तुला जमले, हे जमले नाही, आता पुन्हा कर, तर तो तिकडे ओढला जाणारच. त्याला बिघडलेला म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्याची भूक खरी आहे, आणि गेम बनवणाऱ्यांनी ती आपल्या सगळ्यांच्या आधी ओळखली.

मात्र त्या भुकेला मिळणारे अन्न नेहमी तितके सकस नसते, हेही सांगितले पाहिजे. ‘पब्जी मोबाइल’मध्ये नवख्या खेळाडूसमोर येणारे बरेच प्रतिस्पर्धी माणसे नसतातच, संगणकानेच चालवलेली ती बाहुली असतात आणि त्यांचा नेम मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. पहिल्या दिवशी मिळालेला विजय हा अशा रीतीने पुष्कळसा बेतलेला असतो. कौशल्य पुढे खरोखर येते, पण गोडी लागते ती या बेतलेल्या विजयामुळे.

दुसरे मोठे कारण सोबतीचे आहे. १९९९ मध्ये मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघा तरुणांनी ‘हाफ-लाइफ’मध्ये फेरफार करून ‘काउंटर-स्ट्राइक’ बनवला, आणि पुढे वसतिगृहांत व सायबर कॅफेंत शेजारी शेजारी बसून तो खेळणारी एक पिढीच तयार झाली. तेव्हापासून या गेमची खरेदी एकट्याची राहिली नाही. चार मित्रांपैकी तिघांनी नवा गेम घेतला की चौथ्यापुढे पर्याय उरत नाही, कारण जुन्या गेममध्ये आता त्याच्याशी खेळायला कोणी नसते. अ‍ॅक्टिव्हिजन या प्रकाशक कंपनीने तीन वेगवेगळ्या स्टुडिओंना आळीपाळीने काम देऊन दरवर्षी नाताळच्या आधी एक नवा ‘कॉल ऑफ ड्यूटी’ येईल अशी घडी बसवली, ती याच हिशेबाने. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलरना विकत घेतली, तेव्हा गेमच्या यंत्रांच्या धंद्यात प्रतिस्पर्धी असलेल्या सोनीच्या यंत्रावर हा गेम दहा वर्षे देत राहू असा करार मायक्रोसॉफ्टला करावा लागला. मित्र जिथे खेळतात तिथलेच यंत्र माणूस विकत घेतो, हे दोन्ही कंपन्यांना पक्के ठाऊक होते.

आपल्याकडे ही सोबत फोनवर आली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर इंटरनेट स्वस्त झाले, आणि मार्च २०१८ मध्ये ‘पब्जी मोबाइल’ फुकट मिळू लागला. शंभर जण हवाई छत्रीने एका बेटावर उतरणार, सुरक्षित वर्तुळ लहान होत जाणार, शेवटी एक संघ उरणार; आणि संघात चार जण, कानात इअरफोन, एकमेकांशी बोलत. आमच्या वसतिगृहाच्या गच्चीवर हे बोलणे मी कित्येकदा ऐकले आहे: “भाऊ, पुढं जाऊ नको, झाडामागं एकजण हाय.” “मी नॉक झालो, आधी मला रिव्हाइव्ह दे.” (म्हणजे मी पडलो, आधी मला उठव.) यातला एक परभणीला घरी, एक पुण्यात कंपनीत आणि दोघे गच्चीवर असे असते. ज्यांचे फोन जुने, ते ‘फ्री फायर’कडे वळले, तिथे पन्नास जणांचा डाव दहा मिनिटांत संपत असे आणि हलक्या फोनवरही नीट चालत असे (२०२२ मध्ये त्यावरही भारतात बंदी आली). फुकटच्या गेममधून पैसा मिळतो तो पोशाखांतून आणि बंदुकीवरच्या रंगकामातून. ‘बीजीएमआय’मध्ये महागड्या पोशाखाने गोळीची ताकद वाढत नाही. तरीही मुले पैसे भरतात, कारण पाहणारे मित्र खरे असतात. आई-वडिलांना न विचारता त्यांच्या खात्यातून असे पैसे गेलेली घरे मला माहीत आहेत, आणि तिथे झालेला मनस्ताप लहान नव्हता.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात ‘पब्जी मोबाइल’ होता. ते टाळेबंदीचे दिवस होते, शिकवण्या बंद होत्या, आणि ऑनलाइन वर्गासाठी म्हणून घराघरात मुलांच्या हाती फोन आलेला होता. माझे विद्यार्थी तेव्हा एकेकटे दुसरीकडे गेले नाहीत. टोळीच्या टोळी ठरवून ‘फ्री फायर’वर किंवा ‘कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल’वर गेली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ ‘बीजीएमआय’ या नावाने भारतात परत आला. कंपनीने जुन्या खात्यातले पोशाख आणि कमाई नव्या खात्यात हलवण्यासाठी काही महिन्यांची मुदत दिली होती. वर्गातल्या मुलांनी त्या दिवसांत मला नव्या बंदुकांविषयी किंवा नव्या नकाशाविषयी काहीच विचारले नाही. त्यांना माझ्याकडून एवढेच हवे होते की जुने खाते ज्या सिमकार्डावर किंवा ज्या ई-मेलवर होते त्याचा पासवर्ड परत कसा मिळवायचा.