चिमणाबाईंचे माहेरचे नाव

उपस्थित शिक्षक आणि पालकहो,

बडोद्याच्या रावपुऱ्यातील घड्याळाचा मनोरा आपल्यापैकी बहुतेकांच्या रोजच्या वाटेवर आहे. १८९६ साली बांधलेल्या या मनोऱ्याचे नाव चिमणाबाई टॉवर असले, तरी आपल्या तोंडी तो 'रावपुरा टॉवर' असाच येतो. ८ मार्चला आपण मुलींना नऊवारी नेसवून जिजाबाई किंवा झाशीची राणी म्हणून उभे करतो, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु पाठ केलेली चार वाक्ये म्हणून झाली की मुलांपाशी विचारण्यासारखे काही उरत नाही. त्याच मुलांना या मनोऱ्याखाली नेऊन त्याचे खरे नाव सांगितले, तर पुढचा प्रश्न त्यांचाच असतो : चिमणाबाई कोण?

त्या सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी. तंजावरच्या मराठी घराण्यात जन्मलेल्या या मुलीचे माहेरचे नाव लक्ष्मीबाई होते. १८८० साली ती बडोद्याला सून म्हणून आली आणि १८८५ साली तिचे निधन झाले. तिच्याबरोबर तंजावरहून नर्तकी आणि वादकही येथे आले. गौरा आणि कांतिमती ही त्यांतील दोन नर्तकींची नावे आहेत, आणि मुलांना ती आवर्जून सांगावीत असे मला वाटते. आज आपल्या मुली येथे भरतनाट्यम् शिकतात, त्या कलेचे पाऊल बडोद्यात एका लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर पडले. तमिळ मुलखात वाढलेली मराठी मुलगी गुजरातेत नांदायला येते, ही एवढी हकिकत सांगितली तरी भाषा आणि प्रांत एकमेकांत कसे मिसळतात, हे मुलांना वेगळे समजावावे लागत नाही.

पहिल्या राणीच्या निधनानंतर देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई सून म्हणून आल्या, आणि त्यांचेही नाव चिमणाबाईच ठेवण्यात आले. स्त्री उद्योगालयाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे आणि १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद ज्यांनी भूषविले, त्या या दुसऱ्या चिमणाबाई. मुले येथे गोंधळतात, आणि तो गोंधळ आपण घाईने मिटवू नये. दोन निराळ्या स्त्रियांना एकच नाव का मिळाले, त्यांना कोणी विचारले होते का, हे प्रश्न मुलांना पडू द्यावेत. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिण्याची चाल आपल्याकडेही आहे. म्हणून मुलांना घरी पाठवताना एवढेच सांगावे, की आजीचे माहेरचे नाव विचारून या. कित्येक नातवंडांना ते ठाऊक नसते. शेजारच्या गुजराती बा, सिंधी दादी, तमिळ पाटी यांनाही त्यांनी हेच विचारावे. काहींकडे नाव बदलतच नाही, हेही त्यांना त्यातूनच कळेल.

नावाकडून शब्दाकडे जाताना हंसाबेन मेहता यांची गोष्ट सांगितल्याशिवाय बडोद्यात हा विषय पुरा होत नाही. बडोद्याच्या दिवाणांची ही मुलगी १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाची पहिली कुलगुरू झाली. त्याआधी १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री भारतातील स्त्रियांच्या वतीने त्यांनी संविधान सभेला राष्ट्रध्वज अर्पण केला होता. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'ऑल मेन' असे शब्द होते. ते बदलून तेथे 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' यावे, यासाठी त्या आग्रही राहिल्या, आणि १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेल्या जाहीरनाम्यात तेच शब्द आहेत. मराठी मुलांना हा फरक चटकन उमगत नाही, कारण आपला 'माणूस' हा शब्द सर्वांचा आहे असे आपण धरून चालतो. मग त्यांना विचारावे, की 'बाईमाणूस' असे वेगळे का म्हणावे लागते? माझ्या वर्गात या प्रश्नावर पूर्ण तास गेला आहे, आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही.

यंदा माझी विनंती एवढीच आहे, की ८ मार्चच्या आधीच्या रविवारी मुलांना आणि आज्यांना सकाळी एकत्र टॉवरपाशी आणावे. एक मोठा कागद सोबत असावा. त्यावर प्रत्येक मुलाने आपल्या आजीची दोन्ही नावे लिहावीत, मराठीत, गुजरातीत किंवा तमिळमध्ये, आजी ज्या लिपीत सांगेल त्या लिपीत. आणि सर्वांत वर लक्ष्मीबाई आणि गजराबाई.